हौसाआत्तीचं परडं

कोल्हापुरातल्या आमच्या घराचा पुढचा भाग मातीच्या भिंतींचा, कौलारू. आणि मागचा भाग स्लॅबचा. पुढच्या सोप्यात, म्हणजे बैठकीच्या ओसरीत, कुणाला काही विचारावंसं वाटत नाही. पण पाहुणा मागं स्वयंपाकघरात आला, की ओटा, नळ, फडताळं सगळं बघून झाल्यावर त्याची नजर परसदारावर जाते आणि तो विचारतो, "स्वयंपाकघराला एवढं रुंद दार कशाला?" सासूबाई होत्या तोवर त्या सांगायच्या, "आमच्या वन्संसाठी." ते ऐकून पाहुण्याच्या डोळ्यांपुढं एखादी अगडबंब बाई उभी राहत असणार. प्रत्यक्षात हौसाआत्ती चिपाडासारखी वाळकी होती.

हौसाआत्ती ही माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. अख्खी गल्ली तिला आत्ती म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणू लागले. बिद्रीकडच्या एका खेड्यात तिला दिलं होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, दिरांनी वाट दाखवली आणि ती बापाच्या घरी परत आली. घर भरलेलं होतं. बापानं तिला घरामागची मोकळी जागा आणि एक रेडी दिली. त्या जागेला इकडं परडं म्हणतात. कागदबिगद काही झाला नाही. "परडं हौशीचं," एवढं म्हातारा चारचौघांत बोलला आणि ते सगळ्यांनी पाळलं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या रेडीच्या वंशातली रंगी नावाची म्हैस परड्यातल्या गोठ्यात होती.

आत्ती गल्लीच्या तोंडाशी, तालमीजवळच्या कट्ट्यावर रंगीला उभी करून धारोष्ण दूध विकायची. म्हशीखाली बसायचं, गिऱ्हाइकासमोर ग्लासात धार काढायची आणि फेसासकट हातात द्यायचा. हे काम एरवी पुरुषांचं. पण आत्तीला हे सांगायला कोण जाणार? एकदा एक नवखा सुटाबुटातला माणूस आला आणि "दूध शुद्ध आहे ना?" म्हणून विचारता झाला. आत्ती उठली, पदर खोचला आणि त्याच्या हातात रिकामा ग्लास देऊन म्हणाली, "बसा पावणं. तुमच्याच हातानं काढा, म्हंजी शंका ऱ्हाणार न्हाय." तो बिचारा पँट सावरत खरोखरच बसला. रंगीनं शेपटीचा असा एक फटका दिला, की तालमीतली पोरं पोट धरून हसली. पुढं तो माणूस रोजचं गिऱ्हाईक झाला. "पाणी घालायचंच असलं तर म्हशीला घालावं, दुधाला कशाला?" हे तिचं ठरलेलं वाक्य होतं.

तिचा एक नेम होता. सकाळी धार काढली की पहिला तांब्या घरच्या पातेल्यात ओतायची आणि मगच चहाचा कप तोंडाला लावायची. अंगात ताप असला तरी यात बदल नाही. एकदा म्हैस आटली होती, तेव्हा व्यायची वाट बघत ही बाई तितके दिवस बिनदुधाचा, गुळाचा चहा पीत राहिली. मला सुरुवातीला हा हेकेखोरपणा वाटायचा. नंतर उमगलं. परत आलेल्या लेकीच्या ताटाकडं घरातली माणसं बघत नसली तरी गाव बघतंच. आत्तीनं कुणाला बघायला जागाच ठेवली नव्हती. ती भावाच्या घरात आश्रित नव्हती, आणि तिचा सगळा ताठा त्या एका तांब्यावर उभा होता.

बोलणं मोठ्यानं आणि तोंडावर, आणि इकडच्या बऱ्याच बायकांसारखं स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असं. पण घरातल्या माणसाला लागेल असं काही बोलायचं झालं तर ती म्हशीशी बोलायची. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण आपण ऐकतो. आमच्याकडं लेकीच्या जागी रंगी होती. मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हाची गोष्ट. माझं माहेर साताऱ्याकडचं, मी नवीन, आणि सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उरलंसुरलं मी खायची. कुणी छळ करत नव्हतं, तशी रीतच होती. एका सुट्टीच्या दुपारी हेडक्लार्क असलेले सासरे सोप्यात वर्तमानपत्र वाचत बसलेले असताना परड्यातून आवाज आला, "खा गं बाई रंगे, पोटभर खा. तू पोटुशी हाईस, तुला आधी चारा. तुझा मालक हेडक्लार्क न्हाय न्हवं, त्याच्या जेवणाची वाट बगायला." सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्या रात्रीपासून माझं ताट त्यांच्याबरोबर वाढलं जाऊ लागलं. आत्तीला मी काही म्हणायला गेले तर ती म्हणाली, "मी म्हशीशी बोलत हुतो. तू कशाला मधी येतीस?"

घर वाढवायची कल्पनाही तिचीच. मुलगा झाला आणि पहिल्याच थंडीत तो खोकू लागला. माजघरात अंधार, एका कोपऱ्यात चूल, धूर जायला कौलात एक फट. सासूबाईंचा जन्म त्या धुरात गेला होता, त्यांचे डोळे कायम लाल. संडास परड्याच्या पार टोकाला. मी एस.एस.सी. झालेली होते आणि डी.एड. करायचं माझ्या मनात होतं, पण पुस्तक उघडायला घरात कोपरा नव्हता. सासरे रिटायर होणार होते, काहीतरी करायला हवं असं सगळेच म्हणत होते, आणि सगळ्यांनाच ठाऊक होतं की जागा एकच आहे, ती परड्याची. म्हणून कुणी पुढचं बोलत नव्हतं.

एका सकाळी आत्तीनं मिश्री लावता लावता विषय संपवला. "शंकऱ्या," ती सासऱ्यांना म्हणाली, आणि ऑफिसात ज्यांच्यापुढं कारकून उभे राहत त्या सासऱ्यांनी मान वर केली, "परडं घे. मागं गोठ्यापुरतं सोड, बाकी बांध. पोर खोकतंय. वैनीचं डोळं गेलं. आन ह्या पोरीला अब्यासाला एक खोली काढ."

"आक्का, परडं तुझं," सासरे म्हणाले.

"माझं हाय म्हणूनच देतोय की. तुझं असतं तर तू दिलं असतंस व्हय?"

मग बांधकाम सुरू झालं. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, त्यामुळं काम थांबत थांबत चाललं. सासऱ्यांच्या ओळखीच्या एका ओव्हरसियरनं नकाशा काढून दिला. तो यायचा भर दुपारी, तेव्हा रंगी रंकाळ्यावर डुंबायला गेलेली असायची. मापं घेताना टेपचं एक टोक ओव्हरसियरकडं आणि दुसरं आत्तीच्या हातात. ओट्याची उंची तिनं आकड्यानं सांगितलीच नाही. सासूबाईंना भिंतीशी उभं केलं, त्यांच्या कमरेला हात लावला आणि गवंड्याला म्हणाली, "हितवर. हुबं ऱ्हाऊन भाकरी थापताना हिला वाकाय लागता कामा नये." पाळणा कुठं टांगायचा, माझं टेबल कुठल्या खिडकीशी येणार, उजेड डाव्या हातानं पडणार की उजव्या, सगळं तिनं उभं राहून बघितलं. संडास घराला जोडून होणार म्हटल्यावर सासऱ्यांनी तोंड वाकडं केलं. "घरात संडास? देवघर पुढं आणि संडास मागं?"

"पोटात घिऊन देवाम्होरं बसतोस, ते चालतंय व्हय रं?" आत्ती म्हणाली. गवंडी तोंडाला फडकं लावून तिकडं वळला. संडासाचा प्रश्न तिथंच मिटला.

काम चालू होतं तोवर रंगीला शेजारच्या दस्तगीर मुजावरांच्या मोकळ्या जागेत बांधायचं ठरलं. परड्यात विटा आणि वाळू पडली होती. स्लॅबच्या दिवशी तालमीतली पोरं घमेली उचलायला आली, मुजावरांची मुलं आली, शेजारपाजारच्या बायकांनी पाणी ओढलं. मटणाचा रस्सा मोठ्या हंड्यात शिजत होता आणि आत्ती एका हातात पळी, एका हातात काठी घेऊन दोन्हीकडं लक्ष ठेवत होती. काठी कुणासाठी, ते कळलं नाही. पुढं स्लॅबवर आणि नव्या भिंतींवर पाणी मारायचं काम तिनं कुणाला करू दिलं नाही. साडीचा काष्टा मारून शिडीवर चढायची. खाली उतरताना म्हणायची, "पाणी घालावं तर म्हशीला, न्हायतर स्लॅबला."

वास्तुशांत झाली. सासूबाईंनी नव्या ओट्यापाशी उभं राहून पहिला चहा केला, तेव्हा त्यांचे डोळे धुरावाचून ओले झाले होते. आत्ती पूजेच्या वेळी रीतीप्रमाणं मागंच राहिली. संध्याकाळी ती रंगीला आणायला गेली. शिंगांना तेल लावलं होतं, कपाळावर कुंकू, गळ्यात घुंगरांचा पट्टा. घराला घर मिळालं, आता म्हशीला तिचं घर, असं काहीतरी गल्लीभर बोलत ती आली आणि घराशेजारच्या बोळात शिरली. आमच्याकडं म्हैस परड्यात जायची ती या बोळातून. बोळ घराच्या भिंतीला लागून सरळ मागं जायचा.

तो आता जात नव्हता. बोळाच्या टोकाला नवी न्हाणी आणि संडास उभे होते.

आम्ही सगळे धावत बाहेर आलो आणि बघत राहिलो. ती भिंत आम्ही रोज बघत होतो. आत्तीनं स्वतः तिच्यावर पाणी मारलं होतं. गोठाही मागं शाबूत होता, त्याला नवे पत्रे घातले होते, दावणीची डागडुजी केली होती. फक्त म्हैस तिथं पोचणार कशी, हे घरातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं. आता मागं जायला एकच वाट होती, सोप्यातून माजघरात, माजघरातून नव्या स्वयंपाकघरात, आणि तिथल्या परसदारातून बाहेर. जुनी दारं पोती आत-बाहेर करता यावीत म्हणून रुंद ठेवलेली होती. पण नवं परसदार फॅशनप्रमाणं अरुंद केलेलं. त्यातून माणूस जाईल, म्हैस जाणार नाही.

ह्यांनी ओव्हरसियरला शिव्या घातल्या.  आत्ती मात्र रंगीच्या मानेवर हात ठेवून हसली. "त्येला कशाला बोलतोस? टेप मीच धरलोतो की. समद्यांची मापं घेतली आन हिचंच घ्यायचं इसरलो."

"उद्या चौकट काढून दार मोठं करू," हे म्हणाले.

"न्हाय." तिचा आवाज एकदम चढला. "वास्तुशांत झालेल्या घराला सब्बल लावायची न्हाय. लेकराबाळांचं घर हाय."

मुजावर म्हणाले, "राहू दे की आत्ती, माझ्या जागेत. तुझी म्हस मला जड हाय व्हय?" तेही तिला पटेना. "दुसऱ्याच्या दारात म्हस बांधून दूध माझं म्हणू काय, दस्तगीर?" असं म्हणून ती रंगीला तात्पुरती परत त्यांच्याच जागेत बांधायला घेऊन गेली.

त्या रात्री सासरे तिला समजवायला बसले. मनानं ते चांगले, पण शब्दांची निवड कारकुनी. ते म्हणाले, "आक्का, आता तुझं वयही झालं. म्हैस विकून टाक. तुला काय कमी आहे? बसून खा."

'बसून खा' म्हटल्यावर आत्तीचा चेहरा जो उतरला, तो मी अजून विसरलेले नाही. ती उठली आणि आपली वाकळ अंथरून आडवी झाली.  मला रडू आलं, कारण ज्या खोलीत मी उभी होते ती खोली तिनं दिली होती.

त्यानंतर ती जेवायला बसायची, पण ताटातली भाकरी तशीच परत जायची. मुजावरांकडं जाऊन धार काढायची, दूध कट्ट्यावर विकायची, घरच्या पातेल्यात तांब्या ओतायची आणि चहा न घेताच बाहेर पडायची. तो तांब्या आता थोड्याच दिवसांचा सोबती, हे तिला कळून चुकलं होतं. कबनूरचा एक मागवाला, म्हणजे यंत्रमागाचा मालक, घरच्या दुभत्यासाठी म्हैस शोधत होता. आत्तीनं त्याला निरोप धाडला.

तो आला त्या दिवशी रंगीला घरापुढं बांधलं होतं. सौदा झाला होता. आमच्यात विकलेल्या जनावराची ओटी भरतात, आणि दावं मात्र मालक ठेवून घेतो. आत्ती विधवा, म्हणून ओटी भरायला सासूबाई तांदूळ-खोबरं घेऊन बाहेर आल्या.

सासूबाई आणि आत्तीत फार गोडी होती असं नाही. एका चुलीपाशी वर्षानुवर्षं वावरलेल्या नणंद-भावजया होत्या, भांड्याला भांडं लागायचंच. शेणाच्या वासावरून तर सासूबाई रोज कुरकुरायच्या. त्यांनी रंगीला कुंकू लावलं, पाण्याचा तांब्या तिच्या पायांवर ओतला आणि तिथंच थांबल्या. आत्ती खाली बघून दाव्याची गाठ सोडत होती. गाठ तिचीच, रोजची, पण सुटेना. 

"ऱ्हाऊ द्या वन्सं," सासूबाई म्हणाल्या. मग त्या कबनूरच्या पाहुण्याकडं वळल्या. "पावणं, आत या, च्या घ्या. म्हस द्यायची न्हाय."

"अगं, पण शब्द दिलाय," सासरे म्हणाले.

सासूबाई तोवर आत गेल्या होत्या. गवंड्याची मागं राहिलेली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, माजघरात पडली होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, आपल्या नव्या स्वयंपाकघरात गेल्या आणि परसदाराच्या चौकटीवर घातली. चौकटीचा कोरा रंग उडाला. सासरे मागून ओरडत आले, "वास्तुशांत झालीय, अपशकुन करतेस काय?"

"घरातलं माणूस उपाशी ऱ्हातंय, ह्यो अपशकुन न्हाय व्हय?" सासूबाईंचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या आत्तीला त्या म्हणाल्या, "वन्सं, तुमची जागा घिऊन माझा वटा झाला. म्या सुखानं हुबं ऱ्हाऊन भाकरी थापायची आन तुमी दावं घिऊन बसायचं? मला न्हाय पचायचं ते."

पुढचं काम ह्यांनी आणि बोलावून आणलेल्या गवंड्यानं केलं. कबनूरचा पाहुणाही सदरा काढून विटा उचलायला लागला. माणूस चांगला होता. संध्याकाळपर्यंत भिंतीला हे भगदाड पडलं आणि रंगीची स्वारी निघाली. सोप्यातून आली, माजघरातून आली आणि नव्या फरशीपाशी पाय रोवून उभी राहिली. गुळगुळीत चकचकीत जमीन तिनं आयुष्यात पाहिली नव्हती. आत्तीनं आपल्या अंथरुणातली वाकळ आणून फरशीवर पसरली. शिंगं तिरकी करून, फुरफुरत, ओट्यावरच्या नव्या भांड्यांकडं एक नजर टाकून म्हैस परड्यात उतरली.

आत्तीनं तिला दावणीला बांधलं आणि आम्हाला ऐकू येईल अशा आवाजात दम दिला, "बगितलंस न्हवं रंगे? तुझ्यापायी वैनीनं सोताचं सैपाकघर फोडलं. हितनं पुढं तिच्याकडं तोंड करून शेण टाकशील तर याद राख." इकडं सासूबाई ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या. त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि मला म्हणाल्या, "भाकरी वाढ त्यास्नी. गरम हाय तवर."

तेव्हापासून रंगी दिवसातून दोनदा आमच्या आधुनिक स्वयंपाकघरातून जायची. सकाळी फोडणी चालू असताना मागून उष्ण श्वास लागला की आपण फक्त ओट्याकडं सरकायचं. माझा मुलगा पाळण्यातून तिच्या शेपटीला हात घालायचा. नवी दारं बसवली, तीही दोन फळ्यांची. आणि पाळण्यापलीकडं, माझ्या खोलीत, खिडकीशी माझं टेबल होतं. त्या टेबलावर मी डी.एड.चा अभ्यास केला. मूल रडलं तर आत्ती त्याला गोठ्यात घेऊन जायची, आणि कुणी मला हाक मारली तर परड्यातूनच ओरडायची, "ती वाचतीया. काय पायजे ते मला सांगा." माझ्या सर्टिफिकेटावर कुणाकुणाच्या सह्या आहेत. माझ्या लेखी त्याच्यावर पहिली सही आत्तीची असायला हवी होती. तिला सही येत नव्हती, ही गोष्ट वेगळी.

नोकरी लागली ती चंदगडकडच्या एका खेड्यात. ह्यांची नोकरी कोल्हापुरात, म्हणजे मी एकटीनं लेकराला घेऊन तिकडं राहायचं. घरात बरीच चर्चा झाली. चंदगडचा पाऊस, अनोळखी गाव, लोक काय म्हणतील. आत्ती ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "शिकवायला शिकलीया, तर शिकवू द्या की."

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्या जूनमध्ये, एस.टी. स्टँडवर. पुढच्याच महिन्यात झोपेत गेली. नद्यांना पूर होता, रस्ते बंद होते, मला निरोप पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. त्यामुळं माझ्याजवळ तिची शेवटची आठवण ही स्टँडवरचीच आहे, आणि ती धडधाकट आहे.

हे तिकिटाच्या रांगेत होते. आत्तीनं माझी ट्रंक डोक्यावर घेतली होती. गाडी लागताच तिनं गर्दीतून पुढं घुसून खिडकीतून आपली चुंबळ आत फेकली आणि माझी जागा धरली. एका माणसानं त्यावरून वाद घातला, त्याला तिनं गप्प केलं. मी मुलाला घेऊन बसले आणि माझा धीर एकदम सुटला. खिडकीच्या गजांना धरून मी रडायला लागले. अख्खी गाडी बघत होती.

आत्तीनं बाहेरून गजावरच्या माझ्या हातावर आपला हात ठेवला. हात खरखरीत होता, दुधाचा वास येत होता.

"भ्यायचं न्हाय," ती म्हणाली. "जमलं तर उत्तमच. न्हाय जमलं तर सरळ गाडीत बस आन ये. कुणाला इचाराय नगं, कुणाला सांगाय नगं. मी परत आलो तवा माझ्या बाच्या घरात मला टेकायला जागा नव्हती गं. उंबऱ्यात हुबा हुतो. तुझी हितं खोली हाय. ती तुझीच ऱ्हाईल. मी बसलोय न्हवं राखाय?"

कंडक्टरनं घंटी दिली, पण ड्रायव्हर अजून चहा पीत होता. आत्तीनं स्टँडच्या घड्याळाकडं पाहिलं. घड्याळ तिला कळायचं नाही, पण उन्हावरून वेळ कळायची. "मी निगतो आता," ती म्हणाली, "म्हस खोळंबलीया." माझ्या मुलाच्या गालाला तिनं बोटं लावली आणि गाडी सुटायची वाट न बघता ती वळली. हमालांच्या, पोत्यांच्या गर्दीतून तिचा तो वाळका, ताठ पाठीचा देह भराभर घराकडं जाताना मला दिसत राहिला.